चार हात पुढे पाहून : पावसाळ्यातील मुक्तागिरी-वंदना

श्रावण लागला की अमरावती, अकोला, अचलपूर, अंजनगाव या गावांतील कितीतरी घरांत एकच बेत शिजू लागतो : येत्या रविवारी मुक्तागिरी. उन्हाळ्यात करपलेला सातपुडा या दिवसांत हिरवा होतो, सागाची रुंद पाने पावसाने धुऊन निघतात आणि मंदिरांच्या समूहाशेजारी कड्यावरून धबधबा कोसळू लागतो. अलीकडे वंदनेस येणाऱ्या श्रावक कुटुंबांबरोबर केवळ हा धबधबा पाहण्यासाठी येणारी मंडळीही पुष्कळ दिसतात. दोघांची वाट एकच असते. त्या वाटेवर कसे चालावे, याचा विचार या निमित्ताने करावासा वाटतो.

क्षेत्राची ओळख

मुक्तागिरी प्रशासकीयदृष्ट्या मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात येते. पण तिचा उंबरठा वऱ्हाडातच आहे. अमरावतीहून परतवाडा आणि तेथून पुढे सुमारे पंधरा किलोमीटर. अकोल्याकडील यात्रेकरू अकोट-अंजनगावमार्गे परतवाड्यास येतात. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे. जुन्या पिढीच्या आठवणींत मात्र ती अजून धावते.

प्राकृत निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येस असलेल्या मेंढागिरीच्या शिखराचा उल्लेख आहे आणि तेथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले, अशी आपली श्रद्धा आहे. ध्यानस्थ मुनींजवळ कड्यावरून पडलेल्या मेंढ्याच्या कानी अखेरच्या क्षणी णमोकार मंत्र पडला, तो देवगतीस गेला आणि येथे मोत्यांची वृष्टी झाली, ही कथा क्षेत्राच्या दोन्ही नावांचा उलगडा करते. मुलांना ती अवश्य सांगावी. या पर्वतावरील पहिली आठवण एका मुक्या जिवाची आहे, हे त्यांच्या ध्यानात राहील.

वाट आणि वाटसरू

पायथ्याच्या धर्मशाळेपासून चढण सुरू होते. चढताना सुमारे अडीचशे पायऱ्या आणि उतरताना साडेतीनशेच्या आसपास, अशी ही फेरी आहे. शिखरजी किंवा गिरनारच्या मानाने ही चढण लहान. म्हणूनच येथे तीन पिढ्या एकत्र चालताना दिसतात. पुढे धावणारी नातवंडे, मध्ये पूजेची थाळी सांभाळणारी सून, मागे कठड्याला धरून एकेक पायरी चढणारी आजी. ज्यांना चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी डोली असते.

डोंगराच्या कुशीत एकूण 52 मंदिरे आहेत. पांढरी शिखरे आणि घुमट हिरव्या उतारावर टप्प्याटप्प्याने उलगडत जातात. धबधब्यालगतचे मेंढागिरीचे गुंफामंदिर कातळातच कोरलेले आहे. आत उभे राहिले की पाण्याचा आवाज भिंतींतून आल्यासारखा वाटतो. भगवान पार्श्वनाथांच्या प्राचीन प्रतिमेसमोर मात्र गर्दीतही बोलणे आपोआप हळू होते. ब्रिटिश स्थापत्य-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी 1876 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मंदिरसमूहाची नोंद घेताना येथील दरी आणि धबधबा यांचे वर्णन आवर्जून केले आहे.

जाऊन आलेल्यांशी बोलले की प्रत्येकाची मुक्तागिरी निराळी निघते. कुणाला ढगांत हरवलेली शिखरे आठवतात, कुणाला ओल्या पायऱ्यांचा अनवाणी पायांना झालेला गारवा. अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमेला येथे केशराची वृष्टी होते, या श्रद्धेने वडीलधारी मंडळी त्या तिथींना येतात आणि परतल्यावर वस्त्रांवरचे पिवळे ठिपके कौतुकाने दाखवितात. तरुणांच्या बोलण्यात धबधबा आधी येतो, मंदिरे नंतर. त्यात वावगे काही नाही. निसर्गाच्या ओढीने आलेला माणूस मंदिरापर्यंत पोहोचतो, हेही क्षेत्राचे सामर्थ्यच आहे.

ज्या ऋतूत मुनी थांबतात

तरीही या वाटेवर एक विसंगती मनाला टोचते. पावसाळा हा मुक्तागिरीच्या सौंदर्याचा ऋतू, आणि तोच चातुर्मासाचा काळ. वर्षभर पायी विहार करणारे आपले साधू नेमके याच महिन्यांत एका ठिकाणी थांबतात. कारण भूमी जिवांनी गजबजलेली असते. ज्या दिवसांत मुनी पाऊल आवरतात, त्याच दिवसांत आपण हजारो पावले घेऊन डोंगरावर येतो.

पावसाची सर ओसरल्यावर पायऱ्या नीट पाहाव्यात. पायरीच्या कडेने गांडूळ सरकत असते, ते द्वींद्रिय. अंडी तोंडात धरून उंच जागा शोधणारी मुंग्यांची रांग, ती त्रींद्रिय. भिजून बसलेला भुंगा, तो चतुरिंद्रिय. पाठशाळेत पाठ केलेला तक्ता येथे पायांखाली जिवंत होतो. पायरीवरचे शेवाळ तर आपल्या आगमात अनंत जिवांचे घर मानले आहे. त्यावर पाय टाकू नये, हे शास्त्र सांगते. घसरण्याच्या भीतीने आईही तेच सांगते. या वाटेवर दया आणि सावधपणा यांचा उपदेश एकच आहे.

मुनींच्या पाच समितींपैकी पहिली ईर्या समिती : सूर्यप्रकाशात, चार हात पुढची भूमी पाहत चालणे. गृहस्थाला ती पूर्णपणे पाळणे शक्य नाही. पण अडीचशे पायऱ्यांपुरती ती पाळून पाहता येते. तसे चालले की वेग आपोआप कमी होतो, गप्पा थांबतात, दमही कमी लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजी खाली पाहत, सावकाश चढतात. नकळत त्याच या वाटेवर सर्वांत योग्य रीतीने चालत असतात. वर पोहोचल्यावर दर्शनापूर्वी ईर्यापथशुद्धी करण्याची आपली परंपरा आहे. चालताना दुखावल्या गेलेल्या जिवांची क्षमा मागूनच देवासमोर उभे राहायचे. खाली पाहत चढलेल्या माणसाला त्या पाठातील शब्दांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पर्वत राखणाऱ्यांचे ऋण

हा पर्वत आपल्याकडे सहज आलेला नाही. तो पूर्वी खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. 1923 साली अचलपूरचे दानवीर नत्थूसा पासूसा कळमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो विकत घेतला. पादत्राणे घालून वर जाणे आणि तेथील शिकार थांबावी, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. त्या पिढीने आपले धन खर्चून येथील पाखरांना आणि पायऱ्यांना अभय मिळवून दिले. शंभर वर्षांनंतर शिकारी नाहीत; पण धबधब्याच्या काठी टाकलेली वेफर्सची पाकिटे, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि मोठ्याने लावलेली गाणी हा त्या अभयाचाच भंग आहे. छायाचित्रासाठी निसरड्या कातळावर उतरणारा तरुण स्वतःच्या प्राणांचाही अनादर करतो.

पर्यटकांना नावे ठेवण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे, हे बरे. आपल्याच मुलांच्या हातातील पाकीट परत पिशवीत येते का? गाळलेले पाणी आपण घरून नेतो का? दर्शन आटोपून दिवस मावळण्यापूर्वी भोजन करता यावे, अशा बेताने निघतो का? आपण अनवाणी, शांत, खाली पाहत चाललो, तर शेजारून चढणारा अनोळखी प्रवासीही क्षणभर थबकतो, ‘तुम्ही असे का चालता?’ असे विचारतो. धर्मप्रभावनेसाठी याहून चांगला प्रश्न कोणता हवा?

या वर्षी कुटुंबासह मुक्तागिरीस जावे. पाऊस असताना जावे किंवा चातुर्मास संपताना कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस जावे. सूर्योदयानंतर चढण सुरू करावी, वृद्धांच्या गतीने चालावे. धबधबा डोळे भरून पाहावा, मात्र थांबून पाहावा. चालताना दृष्टी चार हात पुढच्या पायरीवर असू द्यावी. त्या पायरीवरून एखादी मुंग्यांची रांग जात असेल, तर आधी तिला जाऊ द्यावे.

जय जिनेंद्र!