टाचेत शिरणारी दुर्बीण

पायाची टाच हातात धरून आत-बाहेर कलवून पाहा. ही हालचाल मुख्यतः घोट्याच्या खालच्या सांध्यात होते. डांबरी सडकेवर त्याची आठवणही होत नाही. रिद्धपूर-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत ढेकळांवरून चालताना मात्र तो पावलोपावली लागतो.

समजा, बागेतल्या शिडीवरून, ३ मीटर उंचीवरून, एक माणूस टाचांवर पडला. गुडघे न वाकवता तो २ सेंटीमीटरांत थांबला, तर सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे १५० पट होते! (गणित स्वतः करून पाहा; माणसाचे वजन किती, हे विचारावेच लागत नाही.) टाचेचे हाड आतून सच्छिद्र, बाहेरून पातळ कवचाचे. ते चक्क पिचते.

काही महिन्यांत हाड जुळते. पण भेग सांध्यात गेली असेल, तर तेथे व्रणाचे चिवट तंतू माजतात आणि सांधा आखडतो. व्यायामाने तो सुटला नाही, तर काही रोग्यांना डॉक्टर ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ सुचवतात. नाव जरा फसवेच, कारण येथे दूरचे काहीच पाहायचे नसते! घोट्याच्या बाहेरच्या बाजूला काही मिलिमीटरांची दोन-तीन छिद्रे पाडतात. एकातून जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची नळी आत जाते, दुसऱ्यातून तंतू कापणारे बारीक हत्यार.

आत अंधार. प्रकाश नेतात काचतंतू, पूर्ण आंतरिक परावर्तनाने. अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचा प्रयोग नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे हॉपकिन्सने नळीतील व्यवस्थाच उलटी केली: पातळ भिंगे आणि मध्ये लांब हवा, याऐवजी काचेच्या लांब कांड्या आणि मध्ये थोडीशी हवा. प्रतिमा कितीतरी उजळ झाली. मला ही युक्ती फार आवडते.

सांध्यात जागा कशी करायची? मिठाच्या निर्जंतुक पाण्याने. पिशवी १ मीटर उंच टांगली, की सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मिळतो. पाणी सांधा फुगवते आणि रक्तही धुऊन नेते.

गुडघ्यात डोकावण्याचा प्रयत्न जपानच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्येच, मृतदेहावर, केला होता. टाचेच्या या अरुंद सांध्याची पाळी १९८५ च्या सुमारास आली.

कूर्चाच झिजली असेल, तर मात्र तंतू कापून भागत नाही. तेव्हा दोन्ही हाडे एकमेकांना कायमची जोडावी लागतात. दुखणे कमी होते, पण टाच कलत नाही.