पुरवणीचे मोल

संगणकावरील एखादा चांगला खेळ संपत आला की खेळणाऱ्याच्या मनाला हुरहूर लागते. ज्या अद्‌भुत प्रदेशात तो अनेक दिवस रमला, तेथून त्याचा पाय निघत नाही. अशा वेळी निर्माते त्याच्यापुढे एक नवी वस्तू ठेवतात. तिला ‘एक्सपान्शन पॅक’ म्हणजे मूळ खेळाची पुरवणी असे म्हणतात. मूळ खेळ जवळ असेल तरच बहुधा तिचा उपयोग होतो, आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. हे पैसे सार्थकी लागतात काय?

पूर्वी अशा पुरवण्या चकतीवर भरून, खोक्यात घालून दुकानांत विकल्या जात. चकत्या तयार करणे, खोकी छापणे आणि माल गावोगावी पोचविणे यांस बराच खर्च येई. त्यामुळे अगदी क्षुल्लक वस्तू विकणे परवडत नसे. पुढे इंटरनेटवरून खेळ थेट घरी येऊ लागले आणि लहानसहान वस्तूही सुट्या विकता येऊ लागल्या.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. बेथेस्डा या कंपनीचा ‘ओब्लिव्हियन’ हा खेळ २००६ साली निघाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने खेळातील घोड्यासाठी चिलखत विक्रीस काढले. त्याची किंमत सुमारे अडीच डॉलर होती. घोडा दिमाखदार दिसू लागला खरा. परंतु खेळात ना नवा प्रदेश आला, ना नवी कथा. खेळाडूंनी या चिलखताची मनसोक्त थट्टा केली. तरीही पुष्कळांनी ते विकत घेतले! पुढच्याच वर्षी त्या खेळाची ‘शिव्हरिंग आइल्स’ ही पुरवणी आली. तिची किंमत होती ३० डॉलर, म्हणजे चिलखताच्या बारापट. पण तिच्यात एक संपूर्ण नवा प्रदेश होता, तेथील विक्षिप्त रहिवासी होते आणि एक स्वतंत्र कथानक होते. किमतीचा आकडा पाहिला तर चिलखत स्वस्त. पदरात काय पडले हे पाहिले तर पुरवणी स्वस्त.

पोलंडमधील एका कंपनीने २०१५ साली काढलेला ‘द विचर ३’ हा खेळही असाच बोधप्रद आहे. मूळ खेळाची कथा स्वतःपुरती पूर्ण होती. पुरवणी न घेणाऱ्याला काही अपुरे राहिल्यासारखे वाटत नसे. २०१६ च्या मे महिन्यात ‘ब्लड अँड वाइन’ ही २० डॉलरची पुरवणी आली. तिने द्राक्षमळ्यांचा एक नवा देश खेळाडूपुढे उभा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मूळ खेळ व त्याच्या दोन्ही मोठ्या पुरवण्या एकत्र विकल्या जाऊ लागल्या. ज्याने थोडा धीर धरला, त्याला सारे एकाच वेळी हाती आले.

याउलट ‘द सिम्स ४’ या खेळाचे पाहावे. मूळ खेळ २०२२ पासून विनामूल्य मिळतो. परंतु त्याच्या एकेका मोठ्या पुरवणीची मूळ किंमत सुमारे ४० डॉलर आहे, आणि अशा पुरवण्या अनेक आहेत. आवडीची एखादी घेऊन तिचा मनमुराद आनंद लुटणारा फसत नाही. पण सर्वच हव्यात असा हव्यास धरणाऱ्याची गत ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अशी होते.

म्हणून पुरवणी घेण्यापूर्वी खेळाडूने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मूळ खेळ आपण खरोखर मनापासून खेळलो काय? पुरवणीत काही नवे आहे, की केवळ जुन्यावर मुलामा आहे? आणि मूळ खेळ पुरवणीवाचून पूर्ण आहे काय? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा होय. आधीच पैसे घेतलेल्या खेळाचा शेवट कापून तोच पुन्हा विकणे ही ग्राहकाची वंचनाच ठरते. पण पूर्ण जेवणानंतर पुढे केलेले पक्वान्न घ्यावे की न घ्यावे, हे ज्याच्या त्याच्या भुकेवर अवलंबून असते. किंमत विकणारा ठरवितो. मोल मात्र घेणाऱ्याने पारखावयाचे असते.