खाडाखोडीची थोरवी

2019 च्या सुरुवातीला टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एका जुन्या कागदापुढे लोक तासन्‌तास रांगा लावून उभे राहत होते. नंबर लागला तरी समोर रेंगाळायची सोय नव्हती. मागून ‘पुढे चला’ सुरूच. कागद तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयाचा. इतका नाजूक ठेवा जपानला धाडलाच कसा, म्हणून चीन आणि तैवानमध्ये एकच गदारोळ झाला होता. आणि कागदावर होते काय? यान झेनचिंग या तांगकालीन अधिकाऱ्याने इ.स. 758 मध्ये पुतण्याच्या श्राद्धासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा कच्चा खर्डा.

आन लुशानने 755 मध्ये बंड केले. त्यात यानचा चुलतभाऊ आणि त्याचा मुलगा मारले गेले. पुतण्याचे नुसते शिर हाती लागले. खर्ड्याच्या पहिल्या ओळी बऱ्यापैकी सावरलेल्या आहेत. मग हात धावू लागतो. शब्द खोडले जातात, बाजूला दुसरे घुसवले जातात. शाई संपत आली तरी कुंचला दौतीकडे वळत नाही. रेघा करड्या होतात, विस्कटतात, आणि मग एकदम काळेभोर अक्षर उमटते. माणूस कुठे थांबला आणि कुठे थांबू शकला नाही, ते कागदावर दिसते. याच यानची शिलालेखांतली भरदार, ताठ अक्षरे चिनी मुले आजही गिरवतात. जाणकार मात्र या खर्ड्याला त्याहून वरचे पान देतात.

चिनी सुलेखनाचा तीन हजारांहून अधिक वर्षांचा प्रवास पाहताना मला हा खर्डा अपवाद वाटत नाही. या कलेला नवे वळण बहुतेक वेळा अशा हातांनी दिले, जे सुंदर लिहायला बसलेच नव्हते.

सुरुवातच बघा. 1899 मध्ये बीजिंगच्या वांग यिरोंग या विद्वानाने औषधी ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तुकड्यांवरची अक्षरे ओळखली. ती हाडे निघत होती हेनान प्रांतात, आनयांगजवळ, शांग राजांच्या जुन्या राजधानीच्या जागी. बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाच्या पोटाकडचे कवच घ्यायचे, त्याला डाग द्यायचा, पडलेल्या भेगांवरून कौल लावायचा आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवायचा. पाऊस पडेल का, राणीला मुलगा होईल का. हाडावर गोलाई काढणे जिकिरीचे, म्हणून रेघा सरळ आणि टोकदार. सौंदर्य बिचारे ओघाने आले.

इ.स.पू. 221 मध्ये छिन सम्राटाने देश एक केला आणि त्याचा मंत्री ली स याने लिपीही एक केली. ही मुद्रालिपी: सारख्या जाडीच्या, संथ वळणाच्या रेघा. दगडावर राजाज्ञा कोरायला झकास, पण कारकुनाने दिवसभर याच लिपीत हिशेब लिहायचे म्हणजे शिक्षाच! 1975 मध्ये हूबेई प्रांतात शुईहूदी येथे एका छिनकालीन अधिकाऱ्याची कबर सापडली. तीत कायद्याच्या व इतर मजकुराने भरलेल्या अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या होत्या. राजाज्ञा काहीही म्हणोत, या पट्ट्यांवर लिहिणाऱ्याने गोलाया मोडून सरळ केल्या आहेत आणि हाताला सोपे पडेल तसे लिहिले आहे. आपल्याकडच्या दफ्तरांतली मोडी ज्याने पाहिली असेल, त्याला या घाईची वेगळी ओळख करून द्यायला नको. पुढे हान काळात याच कारकुनी वळणाला प्रतिष्ठा मिळाली. आडव्या रेघेचे टोक झोकात वर उडू लागले. शीआनच्या शिलालेख संग्रहालयातला इ.स. 185 चा त्साओ चुआन लेख पाहिला की ही मूळची घाईची लिपी होती, हे सांगूनही पटत नाही. तोवर खाली दुसरी घाई सुरू झालीच होती. तिच्यातून धावती, शीघ्र आणि आजची प्रमाण वळणे घडली. चौथ्या शतकापर्यंत पाचही प्रमुख वळणे तयार होती.

353 च्या वसंतात शाओशिंगजवळच्या लानटिंग येथे सुलेखनकार वांग शीझीने मित्रांसोबत मद्य आणि काव्याची मैफल जमवली आणि जमलेल्या कवितांना प्रस्तावना लिहिली. 28 ओळी, 324 अक्षरे. एकच लहानसे अक्षर त्यात वीसेक वेळा येते आणि प्रत्येक वेळी निराळे दिसते. हाही खर्डाच, खाडाखोडीसकट. नंतर त्याने तो पुन्हा लिहून पाहिला. पहिल्याची सर आली नाही, असे सांगतात. तांग सम्राट ताइझोंगने तो मिळवला आणि, परंपरा म्हणते, स्वतःबरोबर पुरून घेतला. वांगच्या हातचे अस्सल आज काहीच उरलेले नाही. आहेत त्या नकला. धावत्या वळणात चिनी परंपरा पहिला मान या प्रस्तावनेला देते, दुसरा यानच्या शोकलेखाला आणि तिसरा कवी सू शीने 1082 मध्ये हुआंगचौच्या हद्दपारीत रचलेल्या पावसाळी कवितांच्या लेखाला. त्यातही चुकलेले अक्षर बाजूला टिंबे देऊन रद्द केलेले आहे.

त्यानंतर काही शतके नकलांच्या नकला गिरवण्यात गेली. मोठी माणसे झाली, पण त्या भागावर मी रेंगाळत नाही. कोंडी फुटली ती छिंग काळात. पुस्तकी कित्ते बाजूला ठेवून लोक दगडांकडे वळले. लाँगमेनच्या बौद्ध लेण्यांमधले पाचव्या-सहाव्या शतकांतले दानलेख, छिन्नीने कोरलेली कोनेदार, ओबडधोबड अक्षरे यांना गुरू मानले गेले. कांग यौवेईसारख्या सुधारकाने त्यांची जाहीर वकिली केली. वू चांगशुओने प्राचीन दगडी ढोलांवरची लिपी आयुष्यभर गिरवून तिच्यातून स्वतःचा जाड, गंजलेल्या लोखंडासारखा हात घडवला.

विसाव्या शतकात फाउंटन पेन आले, 1956 पासून सोपी केलेली अक्षरे आली. कुंचला मेला मात्र नाही. माओचे उधळलेले अक्षर ‘पीपल्स डेली’च्या शीर्षकात आजही आहे, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे 1942 मध्ये चीनमध्ये निधन झाले, तेव्हाचा माओचा शोकसंदेशही त्याच हातचा. सांस्कृतिक क्रांतीत भित्तिपत्रके रंगवताना कित्येक तरुणांचा हात बसला. 1987 ते 1991 या काळात कलावंत शू बिंगने सुमारे चार हजार अक्षरे ठोकळ्यांवर कोरून ग्रंथ छापले. अक्षरे दिसायला अस्सल चिनी, पण एकही वाचता येत नाही, कारण सगळी बनावट! माझ्या मते आधुनिक काळातले हे सर्वांत धारदार काम. हंगचौचा वांग दाँगलिंग अक्षरांवर अक्षरे चढवून वाचनच अशक्य करतो. त्याची हुकमत वादातीत, पण त्या गोंधळामागची योजना मला जरा जास्तच दिसते.

माझा कौल हाँगकाँगच्या त्सांग त्सोउ-चॉयला. बेताचे शिकलेला हा माणूस कौलून ही आपल्या घराण्याची जमीन आहे, असा दावा भिंतींवर, विजेच्या पेट्यांवर, खांबांवर कुंचल्याने लिहीत पन्नासेक वर्षे फिरला. अक्षर वेडेवाकडे, सुलेखनाचे नियम धाब्यावर. सरकार रंग फासायचे, हा पुन्हा लिहायचा. 2003 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्याचे काम मांडले गेले, 2007 मध्ये तो वारला. चिम-शा-त्सुईच्या फेरी धक्क्याजवळच्या खांबावर त्याची थोडी अक्षरे शिल्लक आहेत. त्यांच्यावर आता सरकारनेच पारदर्शक आवरण बसवले आहे.