देवडीवरचा रशियन

निकालाच्या दिवशी साइट उघडायला जावं आणि पांढऱ्या पडद्यावर ठळक अक्षरांत '502 बॅड गेटवे' यावं, हा अनुभव आता घरोघरचा आहे. त्या ओळीखाली एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली बरेचदा पाच रोमन अक्षरांचा एक बारीक शब्द. त्याचा उच्चार 'इंजिन-एक्स'. आपण चरफडतो, पुन्हा रिफ्रेश करतो. बिचाऱ्याचा त्यात बहुधा काही दोष नसतो. तो दारात उभा राहून एवढंच सांगत असतो की, आत हाक मारली पण धड उत्तर आलं नाही.

जुन्या वाड्याची देवडी आठवा. मोठा दरवाजा बंद, दिंडी तेवढी उघडी. आलेल्याने निरोप देवडीवर द्यायचा. माजघर कुठे आणि कोठीची खोली कुठे, हे त्याला कळायचं कारण नाही. कंपनीच्या सर्व्हरांपुढे हेच काम करणाऱ्याला रिव्हर्स प्रॉक्सी किंवा गेटवे म्हणतात. चाकणचा एखादा कारखाना घ्या. पगाराचं एक मशीन, स्टोअरच्या साठ्याचं दुसरं, वितरकांच्या ऑर्डरींचं तिसरं. तिन्हींचे पत्ते 10 किंवा 192.168 ने सुरू होणारे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून ज्यांच्याकडे वाटच जात नाही असे. बाहेरून दिसतो एकच पत्ता, आणि उघडं असतं मुख्यतः 443 क्रमांकाचं पोर्ट. गेटवे आपलं सर्टिफिकेट दाखवतो, कुलूपबंद आलेली विनंती उघडतो, ती कोणासाठी आहे ते पाहतो आणि स्वतः आत जाऊन उत्तर आणून देतो. पाहुणा उंबरठा ओलांडतच नाही. साधा प्रॉक्सी घरच्यांच्या वतीने बाहेर जातो. हा बाहेरच्यांच्या वतीने आत जातो, म्हणून 'रिव्हर्स'.

हे काम करणारे इतरही आहेत, पण मला इंजिन-एक्सचं कौतुक आहे ते त्याच्या वाढप्याच्या अकलेमुळे. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी एक प्रश्न नावानिशी मांडला होता: एकाच सर्व्हरने एका वेळी 10,000 जणांना कसं सांभाळायचं? तेव्हाचा बिनीचा अपाचे सर्व्हर प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस किंवा थ्रेड गुंतवून ठेवी. पंगतीत प्रत्येक पानामागे एक वाढपी उभा करण्यातला प्रकार. एखादे आजोबा सावकाश जेवत असले, तर त्यांचा वाढपी तासभर अडकलेला. मॉस्कोच्या राम्बलर कंपनीत सिस्टिम सांभाळणाऱ्या इगोर सिसोएव्ह यांनी 2002 मध्ये वेगळा डाव मांडला. वाढपी मोजके, पण सतत फिरते. ज्या पानावर हाक येईल तिथे वाढायचं आणि पुढे सरकायचं. आतल्या सर्व्हरने दिलेलं उत्तर शक्यतो झटपट आपल्याकडे ओतून घ्यायचं, त्याला मोकळं करायचं, आणि मंद मोबाइलवाल्याला त्याच्या गतीने वाढत राहायचं. स्वयंपाकी कोणासाठी थांबत नाही. 4 ऑक्टोबर 2004 ला सिसोएव्ह यांनी हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं.

पुढची कथा कोर्टकचेरीच्या वळणाची आहे. 2011 मध्ये इंजिन-एक्सची कंपनी निघाली, 2019 मध्ये अमेरिकेच्या एफ-फाइव्हने ती 67 कोटी डॉलरला घेतली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोच्या कार्यालयावर पोलिसांचा छापा पडला. नोकरीत असताना लिहिलेला कोड आमचाच, असा राम्बलरचा दावा होता. नंतर फौजदारी प्रकरण थांबवावं अशी भूमिका राम्बलरनेच घेतली. 2022 च्या जानेवारीत सिसोएव्ह बाहेर पडले.

दारावर पहारेकरी बसवला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. आतल्या मशीनला प्रत्येक विनंती गेटवेकडूनच आलेली दिसते. मग खरा आला कोण? त्यासाठी गेटवे 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' नावाच्या हेडरमध्ये पाहुण्याचा पत्ता लिहून आत पाठवू शकतो. गोम अशी की, पाहुणाही हेडरमध्ये खोटा पत्ता लिहूनच येऊ शकतो. म्हणून आतल्याने गेटवेने स्वतः जोडलेल्या नोंदीवरच भरवसा ठेवायचा, आणि गेटवे सोडून इतर कोणाला दार उघडायचंच नाही. मागच्या परसातून वाट राहिली, तर देवडी शोभेपुरती उरते.

दुसरी ढिलाई आतल्या टप्प्याची. बाहेरचं बोलणं कुलूपबंद, आणि गेटवेपासून पुढे सगळं उघडं, ही जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. आतला टप्पाही कुलूपबंद केला, तरी समोरच्या मशीनचं सर्टिफिकेट इंजिन-एक्स आपणहून तपासत नाही. तसं कॉन्फिगमध्ये लिहून द्यावं लागतं. हे माहीत नसलेले अनुभवी लोकही मी पाहिले आहेत.

बारीक खोड्या तर किती! 1 एमबीपेक्षा मोठी फाइल मुळातच नाकारली जाते, म्हणून स्कॅन केलेलं बिल चढवताना 413 येतो. आतल्याने 60 सेकंद मौन पाळलं की 504. पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ दिली की न दिली, एवढ्यावर विनंती भलत्याच वाटेला लागते, आणि त्या रेघेपायी रात्री जागलेली माणसं शहरोशहरी सापडतील.

एवढं असूनही मला त्याची सगळ्यात आवडती रीत कॉन्फिग बदलतानाची. नवा हुकूम दिला की मुख्य प्रोसेस तो आधी वाचून पाहते. चुकला असेल तर जुनंच चालू ठेवते. बरोबर असेल तर नवे वाढपी पंगतीत उतरतात. जुने नवं पान घेत नाहीत, पण हातातलं अर्धवट टाकूनही जात नाहीत. समोरच्या शेवटच्या पाहुण्याचं आटोपलं, की तेही उठतात.