शिल्पाच्या पोटात राहिलेली शिल्पकार

इटलीत तोस्कानाच्या दक्षिण टोकाला, कापाल्बियोजवळच्या शेतीवाडीत निकी द सँ फाल हिची टॅरो बाग आहे. टॅरो या भविष्य पाहण्याच्या पत्त्यांमधल्या 22 मुख्य पत्त्यांवर बेतलेली, वास्तुकार गौदीच्या बार्सिलोनातल्या पार्क ग्वेलवरून सुचलेली. लोखंडी सांगाडे, वर सिमेंट, त्यावर आरसे आणि सिरॅमिकचे तुकडे. बरेच सांगाडे तिचा नवरा, शिल्पकार जाँ तँगली याने वेल्डिंग करून दिले. ‘सम्राज्ञी’ या पत्त्याचं शिल्प मात्र आतूनच पाहावं! या अजस्र स्फिंक्सच्या पोटात निकी कित्येक वर्षं राहिली. एका स्तनात झोपायची खोली, दुसऱ्यात स्वयंपाकघर, भिंती आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या. बागेच्या खर्चासाठी तिने स्वतःच्या नावाचं अत्तरही बाजारात आणलं. बाग 1998 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. हंगामातही ती दुपारीच उघडते, त्यामुळे वेळ पाहूनच निघावं. आत गाइड नसतो; निकीची इच्छाच तशी होती.