नॉबखालची झीज

खापरखेड्याच्या बाजारातलं हे दुकान एका टेबलाएवढं आहे. टेबलावर मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, दात घासायचा जुना ब्रश आणि झाकणं उघडलेले वॉकीटॉकीचे दोन-तीन सेट. समोर क्रेनचा ऑपरेटर उभा आहे. त्याने ठेवलेल्या वॉकीटॉकीच्या खाचांतून काळी-करडी धूळ दिसते.

"आवाज वाढवाले गेलं का खरखर करते, अन् मधातच बंद पडते. हुक कुठं टेकून रायला ते मले दिसत नाई भाऊ. खालचा पोरगा याच्यावर 'थांबा' म्हणते, तेच आयकू नाई आलं तं?"

औष्णिक वीज केंद्र इथून जवळच. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक, असं १,३४० मेगावॉटचं. अशा परिसरात क्रेनचं काम ठेकेदारांची माणसं करतात आणि बरंचसं बोलणं वॉकीवर चालतं. वॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. ऐकणाऱ्याच्या हातात उरतो तो आवाजाचा एक नॉब.

कारागीर आधी सेट उलटा करून लेबल वाचतो. "गॅसच्या जागी न्यायचा, ठिणगीपासून सुरक्षित असा शिक्का असलेला सेट असन तं मी हात नाई लावत. तो कंपनीच्याच माणसाकडून उघडला पाहिजे." २१० मेगावॉटचे जनरेटर हायड्रोजनने थंड ठेवतात, तिथे वापरायचा सेट बाहेर कुणीही उघडला की त्या शिक्क्याला अर्थ राहत नाही. हा सेट साधा, उघड्यावरच्या कामाचा आहे. कारागीर मान डोलावतो आणि बॅटरी काढून बाजूला ठेवतो.

अँटेना फिरवून निघते. दोन्ही नॉब सरळ वर ओढले जातात. कधी कधी नॉबच आतून तडकलेला असतो आणि दांड्यावर नुसता फिरतो. तसा तडा इथे आहे का, हे तो उजेडात धरून पाहतो. नाही. क्षणभर बॅटरी आणि अँटेना परत लावून उघडा दांडा पकडीने हळूच फिरवतो, तीच खरखर. म्हणजे दोष आत आहे. पुन्हा बॅटरी काढतो, दांड्यांभोवतीच्या गोल चकत्या सोडवतो, खालचे स्क्रू काढतो आणि आतला भाग उचकटतो. पण हळू, कारण स्पीकरची बारीक वायर कव्हरला जोडलेली असते. दांड्याभोवतीचं रबरी कडं कडक होऊन चिरलं आहे. धुळीची वाट तीच.

व्हॉल्यूमच्या पॉटला, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधाला, पाच पाय आहेत: तीन आवाजाचे, दोन चालू-बंद स्विचचे. आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ सरकते. ऑपरेटर रोज सकाळी सेट चालू करतो, ठरलेल्या जागेपर्यंत आवाज वाढवतो आणि दिवसभर तिथेच ठेवतो. जीभ रोज त्याच पट्ट्यावरून जाते आणि कार्बन तिथेच झिजतो. त्यात धूळ शिरली की संपर्क क्षणोक्षणी तुटतो. आपल्याला ऐकू येते ती खरखर हीच.

"थोडं तेल सोडा ना," ऑपरेटर म्हणतो.

"तेलाले धूळ चिकटते. महिनाभर बरं वाटते, मंग आणखी बिघडते."

तो कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारतो, दांडा दोन्ही टोकांपर्यंत बऱ्याच वेळा फिरवतो, वाळू देतो. मल्टीमीटरच्या पिना लावतो. आकडा सुरुवातीला थरथरतो, एका जागी उडून जातो, पुढे स्थिर होतो. उडतो ती जागा झिजलेली. पॉट बदलावाच लागेल.

डबीत मापाचे दोन पॉट आहेत, दोन्ही १० किलोओहमचे. एकावर ए, दुसऱ्यावर बी. कारागीर जुन्याच पॉटच्या शाबूत भागावर, अर्ध्या फेरीवर, मोजमाप घेतो: दीड किलोओहमच्या आसपास. बी असता तर पाच आलं असतं. आपल्या कानाला आवाजाची वाढ सम पावलांनी जाणवत नाही, म्हणून ए जातीची पट्टी सुरुवातीला हळू आणि शेवटी झपाट्याने बदलते. इथे बी बसवला तर नॉब जरासा फिरवताच आवाज अंगावर येईल आणि पुढच्या फेरीत फरकच कळणार नाही. तो बी परत डबीत टाकतो.

तांब्याच्या जाळीच्या पट्टीने जुनं सोल्डर शोषून घेतो. पाय मोकळे होतात, पण तो जुना पॉट ओढत नाही, अलगद उचलतो. सर्किटवरची तांब्याची रेघ उचकटली तर पूर्ण सेट जाईल. नवा पॉट बसतो. रबरी कडंही नवं बसतं, कारण ते नाही बदललं तर हीच धूळ हाच रस्ता पुन्हा धरेल.

सेट पुन्हा जुळतो, बॅटरी लागते. आता बोलून पाहायचं. ऑपरेटर लगेच बटण दाबायला जातो. "आधी अँटेना लावा! बिनाअँटेनाचं बोललं का आतला ट्रान्समीटर जाऊ शकते." अँटेना लागते. ऑपरेटर आपला दुसरा सेट घेऊन रस्त्याच्या टोकाला जातो आणि तिथून बोलतो. कारागीर नॉब शून्यापासून शेवटपर्यंत नेतो, मागे आणतो, सेट हलवून पुन्हा नेतो. आवाज एकसंध चढतो आणि उतरतो.

मला या कामाचं मोल पैशांत मोजता येत नाही. टनभर लोखंड हवेत असताना खालच्या माणसाचा एक शब्द वर पोहोचणं या दोन बोटांच्या नेटकेपणावर अवलंबून आहे. आणि कारागिराला ते पुरतं ठाऊक आहे. सेट परत देताना तो पैशांआधी हे सांगतो:

"रोज सकाऊन चालू केला का नॉब एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मंग खालच्या पोराले हाक मारा अन् त्याचं उत्तर आयका. उत्तर साफ आलं नाई तं भार उचलूच नका."