दादरचे दोन ‘एक नंबर’

१९८३ सालची गोष्ट. दादर स्टेशनच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर मी आईची वाट पाहत उभा होतो. ती पुण्याहून पहिल्यांदाच एकटी येत होती. पत्रात मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘दादरला उतर आणि कुणालाही विचारून एक नंबरवर ये. मी तिथेच असेन.’ बँकेत नुकताच चिकटलो होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल गोल काढायचो. स्वतःच्या पत्रातली चूक मात्र दिसली नाही. दादरला ‘एक नंबर’ दोन होते! मी पश्चिम रेल्वेच्या एकवर, आई मध्य रेल्वेच्या. मध्ये नुसते रूळच रूळ. दीड तासानं सापडली तेव्हा पिशव्या सांभाळत बाकावर बसली होती. म्हणाली, “तू सांगितलंस तिथेच बसलेय की रे मी!”

खरंच होतं ते. दादर हे मुळात एक स्टेशन नव्हेच, शेजारी शेजारी बिऱ्हाड केलेल्या दोन रेल्वे आहेत त्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती ‘जीआयपी’ कंपनीची. दुसरी ‘बीबीसीआय’ कंपनी. ती गुजरातेतून रूळ टाकत १८६४ मध्ये मुंबईत पोहोचली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत तिची रोजची गाडी सुरू झाली आणि त्या गाडीच्या मोजक्या थांब्यांत दादर होतं. दोन्ही रुळांची रुंदी एकच, साडेपाच फूट. पण मालक निराळे, तिकीटघरं निराळी, हिशेब निराळे.

मुंबई पडली चिंचोळी. दक्षिणेकडून निघालेल्या या दोन वाटा दादरला अगदी खेटून येतात आणि पुढे एक माहीमकडे, दुसरी शीवकडे वळते. त्यामुळे गाडी बदलायची ती दादरलाच, हे ठरूनच गेलं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यानं दादर-माटुंग्याला आखीव वसाहती उभारल्या आणि गर्दीत भरच पडली. मराठीत ‘दादर’ शब्दाचा एक अर्थ जिना असाही आहे. संध्याकाळी सहाला इथल्या पुलावर चढून पाहा, हा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जुन्या कंपन्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. दोघींचा जन्म एकाच दिवशीचा, मालक एकच, भारत सरकार. तरी प्रत्येकीनं आपले फलाट आपल्या एकपासूनच मोजले. रोजच्या माणसाचं त्यावाचून काही अडलं नाही. तो नंबर बघतच नाही. फुलबाजाराकडचा जिना, हिंदू कॉलनीकडची बाजू, अशा खुणांवर त्याचे पाय आपोआप चालतात. गोंधळ व्हायचा तो नवख्याचा. परगावाहून आलेल्या म्हाताऱ्याचा, मुलाखतीला निघालेल्या पोराचा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जायला आलेल्या खेड्यातल्या बाईचा. आणि नंबराची गरज असते ती नेमकी त्यांनाच!

अखेर ९ डिसेंबर २०२३ रोजी आकडे एकत्र झाले. पश्चिमेकडून पूर्वेकडे एक ते चौदा, सरळ मोजणी. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले, मध्यचा एक झाला आठ. मध्यचा दोन नंबर त्याच वर्षी एकच्या रुंदीकरणात गेला होता, म्हणून तीनचा नऊ झाला आणि शेवटच्या आठचा चौदा. नवा रूळ नाही, नवा पूल नाही; बदलल्या त्या पाट्या आणि घोषणा. १९५१ पासून मोजलं तर एवढ्या कामाला बहात्तर वर्षं लागली. बँकेत आमच्याकडेही अशा फायली असायच्या. काम दोन ओळींचं, पण दोन खात्यांच्या सह्या हव्यात म्हणून वर्षानुवर्षं पडून. त्यापायी कुणाला किती हेलपाटे पडतात, हे फायलीत कुठेच लिहिलेलं नसतं.

पाट्या बदलल्यावर मुद्दाम दादरला गेलो. आई बसली होती तो फलाट आता आठ नंबर झाला आहे. आई नाही. असती तर हे सगळं तिला कौतुकानं सांगितलं असतं, आणि तिनं विचारलं असतं, “मग तेव्हाच का नाही केलं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. रेल्वेकडे तरी असेल का?